आबा अडखळले नाहीत

जळगाव,
५ फेब्रुवारी १९९१

ती. आबा आणि माय,

मागच्या खेपेला माय म्हणाली होती, "तुझा बाप पत्र वाचतो तोवर ताटातली भाकर गार होते." म्हणून या वेळी अक्षर मोठं काढलं आहे आणि जोडाक्षरं जमतील तितकी टाळली आहेत. आबा, तरी कुठे अडलात तर नेहमीसारखं बोट ठेवून थांबा. माय, तू हसू नको. चौथी शिकलेल्या माणसाने सगळ्या गल्लीची पत्रं वाचून दाखवायची, हे सोपं काम नाही.

बातमी सांगते. दर गुरुवारी धुळ्याच्या एका मेडिकल कॉलेजात तास घ्यायला मला बोलावलं आहे. बाकीचे दिवस इथलं लॉ कॉलेज आहेच. डॉक्टर होणाऱ्या मुलांना कायदा शिकवायचा. आबा, तुम्ही गावभर सांगत सुटाल, त्याआधीच सांगून ठेवते: मी डॉक्टर झालेली नाही आणि काळा कोट घालून कोर्टातही जात नाही. दोन वावरांच्या मधल्या बांधावर उभी आहे म्हणा. इकडचे म्हणतात ही तिकडची, तिकडचे म्हणतात ही इकडची.

पहिल्याच तासाला मी मुलांना विचारलं, "पेशंटला मोठा आजार निघाला तर आधी कोणाला सांगाल?" सगळा वर्ग म्हणाला, "नातेवाईकांना. बाहेर बोलावून." मी विचारलं, "आणि पेशंटला?" मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "त्याला कशाला, मॅडम? तो आधीच आजारी आहे." सगळे हसले. मलाही हसू आलं. पण परत येताना एस.टी.त तेच डोक्यात फिरत राहिलं. पीएच.डी.साठी मी हाच विषय घेतला आहे. ज्याचं शरीर त्याला सांगावं, त्याला विचारावं, मगच हात लावावा. एवढंच म्हणायचं आहे, पण ते नीट म्हणायला तीन-चार वर्षं लागतील.

एस.टी. पारोळ्याहून पुढे निघाली की आपला फाटा येतो. निंबाखालची चहाची टपरी दिसते आणि उतरून पळत घरी यावंसं वाटतं. तास चुकेल म्हणून बसून राहते.

माय, पोटाचं दुखणं ओव्यावर किती दिवस काढणार आहेस? आबा, तिला धुळ्याला दाखवा. ती नको म्हणेल. तरी न्या.

तुमची,
कोकिळा

•

मु. निंबखेडे, ता. पारोळा
३ मार्च १९९१

चि. कोकिळास आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मायला माहीत नाही. मी वावरात बसून लिहितो आहे.

तुझ्या सांगण्यावरून तिला धुळ्याला नेलं. फोटो काढले, रक्त काढलं, दोन वेळा बोलावलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरने तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. पोटात गाठ आहे. लिव्हरपर्यंत गेली आहे. कापून उपयोग नाही म्हणे. मी विचारलं, किती दिवस. तो म्हणे, वर्ष धरू नका.

बाहेर आलो तर तुझी माय विचारते, काय म्हणे डॉक्टर. मी म्हटलं, आतड्याला सूज शे, गोळ्या दिल्या. ती म्हणे, बरं. मग मी तिला पाचकंदिलावर, बाजारात, नेलं आणि पातळ घेतलं. अंजिरी रंगाचं. दर वेळी नको नको करते. या वेळी नको म्हणाली नाही.

तू पोरगी आहेस, शिकलेली आहेस, म्हणून तुला कळवलं. तुझ्या भावाला, कौतिकला, सुरतेला कळवलं नाही, तो कापड मिलमधलं काम टाकून पळत येईल आणि दारातच रडायला लागेल. तू ये. पण तिला काही सांगू नको. तिला समजलं तर ती आजच मरेल.

आबा

•

जळगाव,
२२ मार्च १९९१

ती. आबा,

काल मी फाट्यावर उतरले ते मायजवळ चार दिवस राहायचं म्हणून. तुम्ही मला दारातूनच गोठ्यात नेलंत. गाईच्या पाठीवर माझा हात ठेवलात आणि म्हणालात, शपथ घे, तोंडातून शब्द काढणार नाहीस. मी भांडले, ज्याचं शरीर त्याला सांगा म्हटलं, मग घेतली. कायदा शिकलेली बाई गोठ्यात उभी राहून अशी शपथ घेते, हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं तर ते हसतील. पण तुम्ही रडत होतात आणि मी तुम्हाला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मग मी घरात गेले. माय चुलीपुढे होती. म्हणाली, "डोळे का लाल?" मी म्हटलं, "एस.टी.त धूळ फार होती." तिने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली. बस, तेवढ्यात मला समजलं की मला हे जमणार नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत म्हणून सांगून मी निघाले. ती माझ्यासाठी मेथीची भाजी करत होती. मी जेवलेही नाही.

आबा, सकाळी मी वर्गात सांगते की माणसाला त्याच्या शरीराबद्दल अंधारात ठेवणं हा त्याचा अपमान आहे. दुपारी त्याच रस्त्याने घरी येऊन मी मायला सांगू, की सूज आहे, उतरेल? तिला काही करायचं असेल, कुठे जायचं असेल, कोणाला भेटायचं असेल. तिच्या वाट्याचे दिवस तिला माहीत नकोत का?

शपथ मी मोडणार नाही. पण तुम्ही तिला सांगत नाही तोवर मी येणारही नाही. रागाने म्हणत नाही. तिच्यासमोर बसून मला खोटं हसता येत नाही, एवढंच.

कोकिळा

•

निंबखेडे,
१४ एप्रिल १९९१

चि. कोकिळास आशीर्वाद.

तुझं पत्र समजलं. तू डॉक्टरांची मास्तरीण आहेस, आता बापाचीही हो. तुझा कायदा धुळ्याला चालतो, जळगावला चालतो. आमच्या चुलीपुढे त्याचं काय काम ते मला कळत नाही.

अपमान म्हणतेस. मी तिचा अपमान करतो आहे का? विहिरीवरून पाणी मी आणतो. तिने सोडलं नाही, मी हंडा हातातून ओढून घेतला. गल्लीतले म्हणतात, वना पाटलाला म्हातारपणी काय झालं. मंजुळाबाई तर तोंडावर म्हणाली, "आबा, लुगडं नेसा आता." मी ऐकून घेतो. भाकरी थापतो, त्या फाटतात. तुझी माय त्या फाटक्या भाकरी खाते आणि म्हणते, गोड शे.

तुला एक सांगायचं नव्हतं, पण सांगतो. गुरुवारी सकाळी ती फाट्यावर जाऊन बसते. मी विचारलं तर म्हणते, घरात उकडतं, तिथे निंबाखाली वारा लागतो. आपल्या ओट्यावर निंब नाही का? तुझी धुळ्याची गाडी गेली की उठून येते. येताना दोन वेळा बसावं लागतं.

खोटं हसू येत नाही तर हसू नको. नुसती येऊन बस.

आबा

•

जळगाव,
२० जून १९९१

ती. आबा,

सोबतचं पान मायसाठी आहे. तिला वाचून दाखवा, जसंच्या तसं. शपथ तोंडाने सांगायचं नाही अशी होती. मी तोंडाने सांगत नाही, लिहिते आहे, आणि बोलणार तुम्ही आहात. याला तुम्ही वकिली म्हणाल. म्हणा. फाट्याचं वाचल्यापासून मी गुरुवारी उजव्या बाजूच्या खिडकीशी बसते. आपला फाटा डावीकडे येतो. तिकडे बघायची माझी हिंमत होत नाही.

को.

प्रिय माय,

तू मला कधी खोटं बोलू दिलं नाहीस. लहानपणी मी शेजारच्या परसातल्या बोरांची चोरी लपवली, तर तू मला तिथे नेऊन उभं केलंस. म्हणून तुला खरं लिहिते आहे.

तुझ्या पोटात सूज नाही, गाठ आहे. ती वाढली आहे आणि कापून काढता येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. आबांनी तुझ्यापासून लपवलं ते तुझ्यावरच्या मायेने. त्यांच्यावर रागावू नकोस. पण हे शरीर तुझं आहे, माय, आणि पुढचे दिवसही तुझे आहेत. ते कसे घालवायचे हे तू ठरवायचं. औषधाला मुंबईला जायचं तर मी घेऊन जाईन. घरीच राहायचं तर मी रजा काढून येईन. तू सांगशील तसं.

मी मार्चमध्ये न जेवता गेले. मेथीची भाजी टाकून गेले. त्या दिवसापासून मला मेथी खाववत नाही.

तुझी,
कोकिळा

•

निंबखेडे,
३० जून १९९१

चि. कोकिळास आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या मायला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. म्हणे, बरं झालं. रात्री जेवली.

आता तुझं समाधान झालं असेल. ये.

आबा

•

निंबखेडे,
७ जुलै १९९१

कोकिळाताईंना नमस्कार.

मी बेबाबाई, बालवाडीची. ताईबाई काकूंनी मला बोलावलं आहे. वना आबा बाजाराला गेले आहेत. काकू सांगतात ते त्यांच्या बोलण्याप्रमाणे लिहिते आहे, शुद्धलेखनाची चूक माझी.

कोकिळा, आंडेर मनी, माझी लेक,

तुझं पत्र आलं. तुझ्या बापाने मला वाचून दाखवलं. त्यात काय होतं ते ऐक. जळगावला पाऊस बरा आहे. तुझ्या कॉलेजातली एक मास्तरीण लग्न करून नाशिकला गेली. खोलीचं भाडं वाढलं. माय, तू गोळ्या वेळेवर घेत जा. असं बरंच वाचलं. एकदाही अडखळला नाही. बोट ठेवलं नाही. पान उलटायलाही विसरला, पहिल्याच बाजूवर सगळं पत्र संपवलं.

तुझ्या मामाच्या मरणाची तार आली होती तेव्हा तारेतले चार शब्द वाचायला त्याला किती वेळ लागला, तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. आणि हे पत्र पाण्यासारखं वाहिलं. तेव्हा मला समजलं त्यात काय लिहिलेलं असेल ते.

तसं समजायला तुझं पत्र तरी कशाला पाहिजे? डॉक्टरने मला बाकावर बसवलं आणि याला आत घेतलं, तेव्हाच समजलं. चांगलं सांगायचं असतं तर दोघांनाही आत घेतलं असतं. मग याने पातळ घेऊन दिलं. लग्न झाल्यापासून हा माणूस स्वतःहून कधी कापडाच्या दुकानाची पायरी चढला नाही. मी मुकाट घेतलं. म्हटलं, घेऊ दे.

(काकू इथे हसल्या. मला म्हणाल्या, हेही लिही.)

तू म्हणत असशील, मग बोलली का नाही? तू मार्चमध्ये आलीस, गोठ्यात दोघं भांडलात. माझ्या कानावर सगळं आलं, कुडाची भिंत ती. तो म्हणतो सांगायचं नाही, तू म्हणतेस सांगायचंच. गाय मध्ये उभी. ते शरीर माझं म्हणतेस ना? मग मला ऐकायचं आहे की नाही, हे कोणी ठरवायचं? तू शिकलेली आहेस, मोठाल्या डॉक्टरांना शिकवतेस. तू माले इचारं का? त्यानी इचारं का?

(हे काकूंचे शब्द जसे आहेत तसे ठेवले आहेत.)

ज्या बाईला माहीत करून घ्यायचं आहे तिला सांगितलंच पाहिजे. तुझं पुस्तक चुकीचं म्हणत नाही. पण मला आहे तेवढं पुरे. किती महिने, कुठवर गेली, ते नको. तुझा बाप माझ्यासमोर रडला तर त्याला मलाच समजवावं लागेल, आणि आता तेवढा जीव नाही. तो हंडा उचलतो, चूल पेटवतो, गल्लीच्या बाया बघत राहतात. त्याला वाटतं तो मला सांभाळतो आहे. सांभाळू दे. आयुष्यभर मी त्याच्या मागे धावले, आता तो माझ्या मागे धावतो. एवढं सुख मला घेऊ दे.

गुरुवारी मी फाट्यावर बसते. गाडी थांबते, कोण उतरलं ते बघते. खिडकीतली डोकी लांबून सारखीच दिसतात. एका गुरुवारी निळी साडी दिसली, मला वाटलं तू. मी हात केला. त्या बाईनेही केला. गाडी गेल्यावर मनाला म्हटलं, असेल तीच.

श्रावणात घरात कानबाई देवी बसेल. कौतिक सुरतेहून येईल, सगळे भाऊबंद येतील. यंदा नैवेद्याचे रोट मीच करणार, तुझ्या बापाला पिठाला हात लावू देणार नाही. लग्न झालेल्या लेकीला आपल्याकडे रोट देत नाहीत, ती दुसऱ्या कुळाची झाली. तुझं लग्न व्हावं म्हणून मी किती देवांना साकडं घातलं. पण या वर्षी मला बरं वाटतं. माझ्या हातचा रोट तुला खाता येईल.

म्हणून ये. मी विचारलं तर विचारलं तेवढं सांग. नाही विचारलं तर गप बस. एवढं जमेल का तुझ्या कायद्याला?

ताईबाई, तुझी माय

•

जळगाव,
१३ जुलै १९९१

सौ. बेबाबाई,

हे पत्र मायला एकटीला वाचून दाखवा.

माय,

जमेल. कायद्याला नाही जमलं तरी मला जमेल.

ती निळी साडी माझी नव्हती. मी पलीकडच्या बाजूला बसत होते. हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं, पण तुझ्याशी मला खोटं बोलता येत नाही, आणि हे तू विचारलं असतंस असं वाटलं.

गेले चार महिने मी वाचनालयात बसून परदेशातल्या कोर्टांचे निकाल वाचते आहे. पेशंटला काय काय सांगितलं पाहिजे याच्या याद्या आहेत त्यांत. त्याला ऐकायचं आहे का, हे आधी विचारावं, असं मला त्यातून सुचलं नाही. तुझ्या कुडाच्या भिंतीपलीकडून सुचलं.

कानबाईच्या आधीच्या गुरुवारी येते. धुळ्याचा तास बुडवते. डाव्या बाजूला बसेन. तू फाट्यावर येऊ नकोस, चालवत नाही तुला. पण तू येशील हे मला माहीत आहे.

मेथी मिळाली तर ठेव.

कोकिळा

•

निंबखेडे,
९ फेब्रुवारी १९९२

चि. कोकिळास आशीर्वाद.

तू गेल्यावर घर मोठं झालं आहे. माय गेली तेव्हा एवढं वाटलं नव्हतं, तेव्हा माणसं होती. आता सगळे गेले. कौतिक सुरतेला, तू जळगावला. मी दोन भाकरी थापतो. आता फाटत नाहीत. आता जमायला लागलं तर खाणारं कोणी नाही.

काल बेबाबाई आली होती. खूप वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "आबा, काकूंना बठ्ठं माहीत होतं, सगळं." तिने मला तुझ्या मायने काय लिहायला सांगितलं तेही सांगितलं. मी त्या दिवशी अडखळलो नाही, म्हणून ती समजली म्हणे.

खरं आहे. तुझं ते पत्र मी आधी वावरात वाचलं होतं. किती वेळा वाचलं सांगत नाही. मग घरी येताना वाटेवर दुसरं पत्र मनात तयार केलं आणि पाठ केलं. शाळेत कविता पाठ करायचो तसं. घरी गेलो आणि म्हटलं. मला वाटलं, पहिल्यांदा मी चांगलं वाचलं. ती म्हणालीसुद्धा, "आज छान वाचलं तुम्ही." मी खुशीत झोपलो.

मला आधी तुझा राग आला. तू पाच महिने घरात होतीस आणि तुलाही माहीत होतं की तिला माहीत आहे. दोघी मिळून मला फसवत होता. मग रात्री विचार केला. मी तुम्हाला फसवत होतो ते मायेने, मग तुम्हीही तशाच.

एक विचारतो. ती तुला काही विचारायची का? मी पाणी आणायला जायचो तेव्हा तुम्ही बोलत असाल असं मला वाटायचं. मी मुद्दाम सावकाश यायचो.

आबा

•

जळगाव,
१७ फेब्रुवारी १९९२

ती. आबा,

एकदाच विचारलं. दिवाळीच्या आधी. तुम्ही विहिरीवर होतात. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "शेवटी फार दुखतं का?" मी म्हटलं, "दुखू शकतं. पण दुखणं कमी करायचं औषध आहे." ती म्हणाली, "मग ते आण." बाकी काही नाही. मग तिने मला डोक्याला तेल लावायला सांगितलं.

ते औषध आणायला मी किती फिरले ते तुम्ही पाहिलंत. अफूपासूनचं औषध म्हणून त्याला परवाने लागतात, आणि परवान्याच्या भीतीने आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मला ते कोणाकडे सापडलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलं तेव्हा तिचे शेवटचे आठवडे राहिले होते. ते आठवडे ती झोपू शकली. त्याआधीच्या रात्री मला अजून ऐकू येतात. औषध होतं, कायदाही माणसासाठीच केलेला होता, आणि दोघांच्या मधल्या बांधावर माझी माय पडून होती. आता मी याच बांधावर काम करणार आहे, आबा. पीएच.डी. त्याची सुरुवात आहे.

तुम्ही सावकाश यायचात हे तिला माहीत होतं. म्हणायची, "बघ, निंबाखाली थांबला असेल."

गुरुवारी मी आता डाव्या खिडकीशी बसते. टपरीवाला चहा उकळत असतो. बाकड्यावर कोणी नसतं. गाडी सुटेपर्यंत मी बघत राहते.

कोकिळा

•

देवपूर, धुळे
४ ऑगस्ट १९९६

ती. आबा,

मागच्या आठवड्यात दवाखान्यातून तुम्हाला एस.टी.त बसवून दिलं, तेव्हापासून मन लागत नाही. तुम्ही म्हणालात, "तोंडाने सांगता येत नाही, विचार करून लिहितो." म्हणून मी पुन्हा विचारत नव्हते. पण तुमचं पत्र आलं नाही, म्हणून विचारते.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला बाकावरून दिसलं नसेल. डॉक्टर माझाच विद्यार्थी. पहिल्या वर्षीच्या वर्गातला, "तो आधीच आजारी आहे" म्हणणारा. त्याने तुमच्या छातीतला तुकडा तपासायला पाठवला होता आणि निकाल आला होता. त्याने तुम्हाला बाहेर बसवलं आणि दारातून मला खूण केली, "मॅडम, जरा आत येता?" मी आत गेले आणि तो बोलायच्या आधी म्हटलं, "मला सांगू नकोस. पेशंट बाहेर आहे. त्याला काय विचारायचं ते मी शिकवलं आहे तुला." तो म्हणाला, "पण मॅडम, तुमचे वडील आहेत." मी म्हटलं, "म्हणूनच."

गेल्या वर्षी कोर्टाने डॉक्टरांनाही ग्राहक कायदा लागू केला तेव्हापासून ते त्याला घाबरतात आणि मला भाषणाला बोलावतात. त्यांना सह्या कुठे घ्यायच्या ते ऐकायचं असतं. मी त्यांना मायची गोष्ट सांगते, नाव न घेता. मग फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: तुम्हाला किती ऐकायचं आहे, आणि कोणाकडून? आता बंगलोर, दिल्लीकडची मुलंही तो उतरवून घेतात. एवढा प्रश्न माझ्या आयुष्याची कमाई आहे. आणि तो तुम्हाला विचारायची वेळ आली, तर बसस्टँडवर मी तिकिटाचे सुट्टे मोजत बसले. तुम्हीच म्हणालात, "विचार ना, काय विचारायचं ते," तेव्हा विचारलं.

आता लिहून पुन्हा विचारते. निकाल काय आहे ते मला माहीत नाही. चांगलाही असेल. आबा, तुम्हाला किती ऐकायचं आहे? आणि कोणाकडून? काहीच नको म्हणालात तरी चालेल. मग मी येईन, फाटक्या भाकरी थापेन, आणि विचारेपर्यंत गप बसेन. ते मी शिकले आहे.

तुमची,
कोकिळा

•

निंबखेडे,
१८ ऑगस्ट १९९६

चि. कोकिळास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझा प्रश्न घेऊन मी रोज वावरात जात होतो आणि तसाच परत आणत होतो.

आधी वाटलं, नको म्हणावं. ताईबाईने नको म्हटलं, तिचं निभलं. मग विचार केला, तिचं निभलं कारण तिच्यासाठी लपवणारा मी होतो. ती डोळे मिटून बसली तेव्हा हंडा उचलायला कोणी होतं. मी एकटा आहे. एकट्या माणसाने डोळे मिटले तर बैलांना चारा कोण टाकेल? कौतिकने सुरत सोडून यायचं की नाही, वावर कोणाला बटाईने द्यायचं, हे मला बघावं लागेल. आणि अजून एक आहे. त्या दिवशी त्याच बाकावर बसलो तेव्हा मला समजलं तिला काय वाटलं असेल. तिथे समोर भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र आहे. ती तेच बघत बसली असेल. मी आत होतो.

म्हणून, माले बठ्ठं सांग. काही मागे ठेवू नको. पण तो डॉक्टर नको. तो चांगला पोरगा आहे, तरी नको. त्याच्याकडून तू ऐकून घे आणि तू मला सांग.

रविवारी कानबाई बसेल. कौतिक आणि त्याची बायको शनिवारी येतात, रोट ती करणार आहे. तू गुरुवारीच ये. धुळ्याहून गाडी आली की फाटा आता उजव्या बाजूला येईल, हे ध्यानात ठेव. मी बाकड्यावर असेन. आधी रोट खा, कानबाईला निरोप दे, पाहुणे जाऊ दे. मग सांग. गोठ्यात नाही. ओट्यावर, निंबाखाली बसून.

आणि एक. तू मोठाल्या सभेत बोलतेस, तुला सगळं पाठ असतं. मला सांगताना तसं सांगू नको. पहिल्या शब्दाला थांबलीस, दुसऱ्याला अडखळलीस तरी चालेल. मी बोट ठेवून थांबेन. भरभर बोललीस तर मला वाटेल, वाटेवर दुसरंच पाठ करून आली आहेस.

तुझा,
आबा